मादप्पानं तीनदा सांगितलं होतं

"इथंच की," असं अक्का म्हणाल्या की आपण मनातल्या मनात सहा मैल धरायचे, हे मला पहिल्याच खेपेला कळलं. कनकपुऱ्याच्या पुढे बस जिथं शेवटची थांबायची, तिथं उतरून त्यांनी समोरच्या टेकडीकडे हात केला आणि मी नव्या कोल्हापुरी चपला घालून त्यांच्यामागून निघाले. ती टेकडी संपली, तिच्यामागची टेकडी संपली, एक कोरडा ओढा संपला, माझ्या उजव्या चपलेचा अंगठाही संपला. वाटेत एक गुराखी भेटला. त्याला विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तर अक्का म्हणाल्या, "विचारायचं नाही. विचारलं की रस्ता आपला राहत नाही."

हे वाक्य तेव्हा मला फार खोल वाटलं होतं. आणखी चार मैलांनंतर तसं वाटेनासं झालं.

अक्का आमच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी साताऱ्याहून बंगळूरला हिंदी शिकवायला आले होते. त्या दिवसांत तिकडच्या शाळांना हिंदीच्या शिक्षिका हव्या असत, आणि माझे मामा चामराजपेटेत राहत, म्हणून घरच्यांनी मला एवढ्या लांब सोडलं. अक्का मात्र तिथल्याच. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि राहिले. त्यांचं मराठी त्या फौजेबरोबर आलेलंच होतं, फक्त मधल्या काळात त्यात कन्नड मुरलेलं. "स्वल्प थांबा", "सरी, निघूया" असं त्या बोलत. लग्न केलं नव्हतं. उंच, हाडकुळ्या, पन्नाशीच्या. नऊवारी लुगडं आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. ते बूट दर रविवारी रात्री खडूच्या चुऱ्यानं पांढरे करत. शाळेचा खडू किती संपतो याचा हिशेब लागत नसे, त्याचं हे एक कारण.

दर दोन-तीन महिन्यांनी, शनिवार-रविवार गाठून, वरच्या वर्गातल्या पाच-सहा मुली आणि आम्ही दोघी-तिघी शिक्षिका यांना घेऊन त्या कावेरीच्या काठी तंबू ठोकत. आसपास वस्ती नाही, दिवा नाही, आडोसा म्हणाल तर बांबूची बेटं. पालक यायचे, काळजीनं विचारायचे: साप असतील, मगरी असतील, हत्ती येतात म्हणे. अक्का सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "घरात माणसं मरत नाहीत का?" तरी मुलगी पाठवली जाई, कारण त्यातल्या अर्ध्या मुलींच्या आयाही अक्कांच्याच हाताखाली शिकलेल्या होत्या आणि अजून त्यांना घाबरून होत्या.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कसं शिरलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्या भूगोल शिकवत. दहा वर्षं त्यांनी कावेरी शिकवली. उगम, उपनद्या, धरणं, मुख. एके दिवशी पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "अक्का, तिचं पाणी गार असतं का हो?" अक्कांना सांगता येईना. त्यांनी नदी बघितली होती ती रेल्वेच्या पुलावरून, खिडकीतून. "मला इतकी लाज वाटली," अक्का म्हणाल्या, "की पुढच्या शनिवारी जाऊन हात घालून आले." मला ही गोष्ट ऐकून क्षणभर त्यांच्याबद्दल फार बरं वाटलं. मग वाटलं, त्या पोरीला तोंड मिटून बसायला काय झालं होतं.

तंबू घरचाच होता. म्हणजे कापड चिकपेटेतून आणलेलं आणि शिवण आमच्या शिवणाच्या बाई सरोजम्मांची. त्या कापडाच्या खरेदीला मी बरोबर होते. अक्कांनी पिशवीतून पाण्यानं भरलेला तांब्या नेला होता. दुकानदारानं ताग्याची घडी उलगडली की त्या त्यात खळगा करून पाणी ओतत आणि खाली वाकून थेंब पडतो का ते बघत. तिसऱ्या दुकानानंतर आमची बातमी गल्लीत आमच्यापुढे पोचली. दुकानदार लांबूनच हात जोडायला लागले. एकानं तर फळीच ओढून घेतली. मी एका साडीच्या दुकानात तोंड लपवून उभी राहिले, तर तिथं येऊन अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "इथं काय करता? साडीत पाणी राहत नाही."

स्वयंपाक त्या स्वतः करत. मोठ्या पातेल्यात बिसीबेळे भात, आणि तो दर वेळी खालून लागे. खालचा करपलेला भागच सगळ्यात चांगला असतो, असं त्यांचं मत होतं, आणि तो त्या आग्रहानं वाढत. पातेलं मात्र मी घासायची. का, तर "तुमच्या हाताला जोर आहे." मला पुन्हा पुन्हा नेण्याचं कारणही असंच होतं: "तुम्ही चालता चांगल्या." मी चांगली चालत नव्हते. मी मुकाट्यानं चालत होते, एवढंच. पण त्यांचं घर मामांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. शुक्रवारी संध्याकाळी त्या दारात उभ्या राहत आणि मी आत काहीतरी निमित्त शोधत असतानाच मामा बाहेरून सांगून टाकत, "येईल की! तिला काय काम आहे?"

तीन वर्षांत मी अशा नऊ खेपा केल्या. नववी दसऱ्यानंतरची.

तेव्हा बरोबर सहा मुली होत्या, सरोजम्मा होत्या आणि मी. सरोजम्मा विधवा, चाळिशीच्या, पालीलाही भिणाऱ्या. अक्का त्यांना का नेत आणि त्या का येत, हे मला कधीच उमगलं नाही. नेहमीची जागा म्हणजे नदीच्या पात्रातला वाळूचा लांब पट्टा. त्याच्या एका बाजूला मुख्य धार, दुसऱ्या बाजूला घोटाभर पाण्याचा फाटा. तो ओलांडला की काठ. पट्ट्याच्या एका टोकाला ओसरीएवढा काळा खडक. आभाळ स्वच्छ होतं. ढगाचं नाव नव्हतं.

तिथं मादप्पा नावाचा मासे धरणारा राहत असे. त्याची झोपडी काठावर, उंचावर. अक्कांची त्याची वीस वर्षांची ओळख. आम्ही तंबू ठोकत होतो तेव्हा तो आला आणि म्हणाला, "अक्का, नीरु बत्तदे. वर या." पाणी येतंय. वर कुठंतरी पाऊस झालाय, पाण्याचा रंग बदललाय, फेस येतोय, वाळूवर राहू नका. अक्कांनी पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वीस वर्षं येते मी. ही वाळू कधी बुडाली आहे का?" जेवणं झाल्यावर तो पुन्हा आला. अक्का म्हणाल्या, "बघू." चारच्या सुमाराला तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याच्या हातात पाण्यातून काढलेली ओल्या पानांची फांदी होती. ही झाडं इथं नाहीत, वरच्या डोंगरातली आहेत, असं तो म्हणाला. अक्कांनी ती फांदी घेतली आणि मुलींना पानांच्या शिरा दाखवल्या.

चौथ्यांदा तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्का मुलींना घेऊन वरच्या अंगाला गोटे बघायला गेल्या होत्या. सरोजम्मा तंबूत देवाचं म्हणत होत्या. मी एकटी पाण्याकाठी बसून वाळूनं पातेलं घासत होते. मादप्पा माझ्याजवळ उकिडवा बसला. माझं कन्नड बेताचं, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं सावकाश सांगितलं. आधी हात गुडघ्याला लावला, मग कमरेला. मग तंबूकडे बोट करून मान हलवली. "अक्कांना सांगा. माझं त्या ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मला सगळं समजलं. तीन वर्षांत तेवढं कन्नड मला आलं होतं. मी "सरी," म्हणजे बरं, असं म्हणाले. तो गेला.

आणि मी अक्कांना सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे मी त्यानंतर इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे की उत्तर गुळगुळीत होऊन गेलंय. माझ्या हातांची सालं निघाली होती. सकाळी सगळ्या मुलींसमोर अक्कांनी माझी दोरीची गाठ सोडून "ही गाठ नाही, हा गुंता" असं म्हटलं होतं. सांगितलं तरी "काय होत नाही" एवढंच उत्तर मिळणार, हेही ठाऊक होतं. पण हे सगळं अर्धंच खरं. उरलेलं असं की मनात एक बारीकसा विचार आला: येऊ दे पाणी. एकदा यांचं अंथरूण भिजू दे. अंथरूण भिजण्यापलीकडे काही होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सहा मुली तिथंच झोपणार होत्या, हेही आलं नाही.

पहाटे उजाडता उजाडता सरोजम्मांच्या आवाजानं जाग आली. "अक्का, माझी चप्पल गेली," त्या कन्नडमध्ये म्हणत होत्या, जणू कुणी चोरली. मी पाय अंथरुणाबाहेर टेकला तो पाण्यात.

बाहेर येऊन बघितलं तर वाळूचा पट्टा बारीक चिंचोळा झाला होता. काल ज्या फाट्यातून मुली परकर उचलून हसत आल्या होत्या, तिथून आता तांबडं पाणी जोरात चाललं होतं आणि त्यातून मोठाल्या फांद्या जात होत्या. अक्का उभ्या राहिल्या. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग मुलींना म्हणाल्या, "ऐका. मादप्पानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. ती नंतर बघू. आता एकमेकींचा हात धरा आणि खडकावर चढा. सामान कुणी घेणार नाही."

मला त्यांचा इतका संताप आला! भांडायला आमच्याकडे काही ठेवलंच नाही त्यांनी. चूक स्वतःच उचलून बाजूला ठेवली आणि कामाला लागल्या. आणि माझी चूक माझ्याजवळच राहिली.

आम्ही नऊजणी त्या खडकावर दाटीवाटीनं उभ्या राहिलो. अक्कांनी हजेरी घेतली, नावं घेऊन, शाळेत घेतात तशी. "कुणाकुणाला पोहता येत नाही?" दोन हात वर झाले. त्यातला एक पद्माचा. पंधरा वर्षांची, लांब वेणीची, वर्गात सगळ्यात पुढे बसणारी. तेवढ्यात तंबू हलला, उचलला गेला आणि खुंट्यांसकट, न फाटता, अख्खाच्या अख्खा वाहत गेला. सरोजम्मा त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शिवण उसवली नाही बघा." एक मुलगी हसली आणि मग रडायला लागली.

मादप्पा वरच्या अंगानं हरिगोल घेऊन आला. हरिगोल म्हणजे बांबूची, कातड्यानं मढवलेली गोल नाव, मोठ्या टोपलीसारखी. ती पाण्यात सरळ जात नाही, गिरक्या घेत जाते. पहिल्या फेरीत तीन मुली गेल्या आणि काठाला लागल्या. दुसऱ्या फेरीत उरलेल्या तिघी आणि सरोजम्मा. मध्यावर गेल्यावर नाव एका बुडालेल्या दगडाला घासली, कलली, आणि पद्मा बाहेर फेकली गेली.

खडकावर अक्का आणि मी, दोघीच. अक्कांनी माझं मनगट धरलं. पाण्यावर काळं काहीतरी दिसलं, गेलं, पुन्हा दिसलं. मग सरोजम्मा, त्या पालीला भिणाऱ्या सरोजम्मा, कमरेपर्यंत नावेबाहेर झुकल्या आणि त्यांनी ती वेणी पकडली. दोन्ही हातांनी, सुतळीसारखी गुंडाळून. मादप्पानं वल्हं टेकवून नाव कशीबशी सावरली. त्यांनी पद्माला आत घेतलं नाहीच, तसंच वेणीला धरून काठापर्यंत नेलं. काठावर ती पालथी पडून ओकली आणि मग मोठ्यानं रडली. तो रडण्याचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला तेव्हा अक्कांनी माझं मनगट सोडलं. पाच बोटांचे वळ आठवडाभर राहिले.

तेव्हा सांगायला हवं होतं. तिसरी फेरी येईपर्यंत आम्ही दोघीच होतो, वेळही होता. अक्का नुसत्या उभ्या होत्या. बुटांवरचा खडू सगळा धुऊन गेला होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नाव येतेय."

संध्याकाळी एका लॉरीनं आम्हाला शहरात आणून सोडलं. पुढच्या दोन दिवसांत सगळीकडे बोभाटा झाला. पद्माचे वडील वकील होते. ते अक्कांशी काही बोलले नाहीत, सरळ शाळेच्या समितीकडे गेले. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

समितीच्या चिटणिसांनी मला बोलावलं. निवृत्त इंजिनियर, अतिशय सभ्य. मला कॉफी दिली. घडलं ते सगळं लिहून द्या म्हणाले. सरोजम्मांनी आधीच दिलं होतं: 'मी झोपले होते, उठले तेव्हा पाणी होतं.' मी निघायला उठले तेव्हा चिटणीस सहज म्हणाले, "तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे, नाही का?"

घरी येऊन मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसले. मामा म्हणाले, "खरं काय ते लिही आणि मोकळी हो." मी लिहिलं ते असं: मादप्पानं एक-दोनदा काहीतरी सांगितलं, पण त्याचं कन्नड गावठी असल्यामुळे नीट समजलं नाही. म्हटलं, यात अक्काही वाचतील, मीही वाचेन. आणि आपण त्यांच्यावर केवढे उपकार करतोय हे त्यांना कळावं म्हणून तो कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले.

अक्का ओसरीवर भूगोलाचे पेपर तपासत होत्या. हातातली लाल पेन्सिल खाली न ठेवताच त्यांनी माझा कागद घेतला. माझं इंग्रजी दोन ठिकाणी चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. मग तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

"गावठी कन्नड? मादप्पाचं कन्नड तुमच्या हिंदीपेक्षा स्पष्ट आहे."

"अक्का, तुमच्यासाठीच लिहिलंय मी."

"मला सगळं समजलं होतं. आणि हे एक-दोनदा काय? सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, चार वाजता एकदा. तीनदा." त्यांनी ओळ खोडली आणि समासात लाल पेन्सिलीनं आकडा घातला: ३. "पुन्हा लिहून काढा. अक्षर बरं काढा, समितीकडे जायचंय."

त्यांना वाचवायला गेले तर हातात शुद्धलेखन घेऊन परत आले. रस्ताभर मी स्वतःशी पुटपुटत होते की या बाईला बुडायचंच असेल तर बुडो. त्या लाल तीनकडे मात्र माझ्यानं बघवेना. घरी येऊन मी तो मजकूर स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. तीनदा, असंच लिहिलं. चौथ्या वेळेचा एक शब्दही लिहिला नाही. अक्कांनी स्वतः दुरुस्त केलेलं आहे, आता त्यात मी काय घालू, असं मनाला समजावलं.

समितीनं अक्कांना हेडमिस्ट्रेसच्या जागेवरून काढलं. भूगोलाच्या शिक्षिका म्हणून राहायचं तर राहा, मुलींना कुठंही न्यायचं नाही, असं कळवलं. सगळ्यांना वाटलं, त्या राजीनामा देतील. मला तर वाटलं, देतील तर बरं, रोज समोर दिसणार नाहीत. त्यांनी राजीनामा दिला नाही. नव्या हेडमिस्ट्रेसना, ज्या त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी, किल्ल्यांचा जुडगा आणि अडतीस सूचनांची यादी दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. नव्या बाई खोलीत आल्या की आम्ही सगळे उभे राहायचो, आणि अक्का उभ्या राहिल्या की नव्या बाईंना बसवत नसे. असं ते किती दिवस चाललं! मला त्याच महिन्यात कायम झाल्याचं पत्र आलं. अक्कांनी सगळ्यांत आधी अभिनंदन केलं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात शुक्रवारी त्या पुन्हा मामांच्या दारात. मुलींना न्यायची बंदी होती, माझी नव्हती. "मादप्पाकडे जाऊन येऊ. अजून नीट भेटलेच नाही त्याला." मी नाही म्हणणार होते. या वेळी मामाही गप्प बसले. पण मी गेले.

नदी आपली शहाण्यासारखी खाली होती. वाळूचा पट्टा थोडा सरकला होता, एवढंच. आम्ही काठावरच्या मादप्पाच्या झोपडीसमोर बसलो. अक्कांनी त्याच्यासाठी धोतरजोडी आणि त्याच्या बायकोसाठी एळ्ळु-बेल्ल, तिळाचं ते तिकडचं संक्रांतीचं वाण, आणलं होतं. ते दिलं आणि मग हात जोडून, त्याच्या बायकोच्या देखत, कन्नडमध्ये म्हणाल्या, "तू मला तीनदा सांगितलंस. मी ऐकलं नाही. माझी चूक झाली."

मादप्पा इतका ओशाळला की उठूनच उभा राहिला. "अय्यो, असं काय करता अक्का!" आणि मग त्यांचा भार हलका करावा म्हणून, अगदी भल्या मनानं, पुढे म्हणाला, "आणि मी तुमच्या भरवशावर कुठं राहिलो होतो? संध्याकाळी या अम्मांनाही सांगून गेलो होतो की."

अक्का माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"समजलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. माझं कन्नड कच्चं, ते सगळ्या शाळेला माहीत. अक्कांनी तेही खरं धरून विषय सोडून दिला असता.

"समजलं होतं," मी म्हणाले.

अक्का आम्हा सगळ्यांना तुम्ही म्हणत. पाचवीतल्या मुलींना, शाळेच्या शिपायाला, घरी भांडी घासणाऱ्या बाईला, सगळ्यांना. मराठीतून त्या कुणाला एकेरी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुमचा कंटाळा आला होता," मी म्हणाले. याहून बरं काही सुचलं नाही, आणि तेच खरं होतं.

अक्का उठल्या आणि नदीकडे चालू लागल्या. लांब, वरच्या अंगाला, गोट्यांच्या पलीकडे दिसेनाशा झाल्या. मादप्पाला काय झालं ते कळेना. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, माझं काही चुकलं का. त्याच्या बायकोनं मला नाचणीचा गोळा आणि सार वाढलं. मी ते गिळत बसले. तासाभरानं अक्का आल्या. डोळे लाल होते, की उन्हानं तसे दिसत होते, कोण जाणे. पानावर बसल्या, जेवल्या, निघाल्या. बसपर्यंतची सगळी वाट त्या पुढे आणि मी मागे. बसमध्ये एरवी त्या बसल्या बसल्या झोपत. त्या दिवशी झोपल्या नाहीत. कलासीपाळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाल्या, "सोमवारी लिहून नेऊन दे. चार."

सोमवारी मी नेलं. चिटणिसांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "प्रकरण मिटलंय. आता हे कशाला उकरता? तुमचंच नुकसान आहे." आणि कागद माझ्या हातात परत दिला. मी तो अक्कांना नेऊन दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. लाल पेन्सिल समोर होती, पण उचलली नाही. घडी घालून त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर गेल्या.

अक्का निवृत्त झाल्या त्याला पुढे सात वर्षं लागली. तोवर आणि त्यानंतरही शुक्रवारी त्या मामांच्या दारात येत राहिल्या, मी त्यांच्याबरोबर जात राहिले, करपलेलं पातेलं घासत राहिले आणि दर खेपेला, पुन्हा म्हणून येणार नाही, असं ठरवत राहिले. तो विषय पुन्हा एकदाही निघाला नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांनी मला पुन्हा तुम्ही म्हटलं नाही. शाळेत पन्नास माणसं होती. सगळ्यांना तुम्ही, मला एकटीला तू.

मामीच्या ते फार मनात भरलं होतं. एकदा अक्का ओसरीवरून "तू निघ लवकर, बस चुकेल" असं ओरडून गेल्या, तेव्हा मामी माझ्या डब्यात पोळ्या भरता भरता म्हणाली, "कुणालासुद्धा एकेरी बोलत नाही गं ती बाई. तुलाच तेवढी तू म्हणते. अगदी पोटच्या मुलीसारखा जीव आहे बघ तिचा तुझ्यावर."

मी डब्याचं झाकण लावलं आणि निघाले.